प्रत : उथळ आणि सखोल

एखाद्या दस्तऐवजाची नक्कल काढली, की मूळ कागद आणि नक्कल यांचे मार्ग वेगळे होतात. नकलेवर कितीही खाडाखोड केली, तरी मूळ कागद अबाधित राहतो. संगणकात मात्र प्रत काढल्यानंतरही मूळ माहिती बदलण्याचा धोका संभवतो.

समजा, दोन विद्यार्थ्यांचे दोन विषयांतील गुण एका यादीत ठेवले आहेत : [[७०, ८०], [३३, ९०]]. येथे मोठ्या यादीच्या पोटात दोन लहान याद्या आहेत. वाढीव गुण दिल्यास निकाल कसा लागेल, हे पडताळण्यासाठी या यादीची प्रत काढली आणि प्रतीत ३३ च्या जागी ३५ लिहिले. नंतर मूळ यादी उघडून पाहिली, तर तेथेही ३५! खरे गुण पुसले गेले आणि संगणकाने चुकीची कोणतीही सूचना दिली नाही.

असे का घडते? मोठ्या यादीत लहान याद्या प्रत्यक्ष नसतात. स्मृतीतील त्यांचे पत्ते असतात. साधी प्रत काढताना हे पत्तेच उतरवले जातात. जुन्या वहीतील पत्ते नव्या वहीत लिहिले, तर वह्या दोन होतात. घरे मात्र तीच राहतात. हीच 'उथळ प्रत' होय.

'सखोल प्रत' काढताना प्रत्येक पत्त्यावर जाऊन तेथील यादीचीही नवी प्रत तयार केली जाते. त्या यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर हीच क्रिया पुन्हा घडते. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथन या भाषेत यासाठी 'डीपकॉपी' ही सोय आहे. एखाद्या यादीत तिचा स्वतःचाच पत्ता असेल, तर ही क्रिया कधीच संपणार नाही. म्हणून प्रत झालेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली जाते आणि तीच वस्तू पुन्हा भेटल्यास तयार प्रतीचा पत्ता दिला जातो.

सखोल प्रतीला वेळ व स्मृती अधिक लागते. माहिती केवळ वाचायची असेल, तर हा खर्च अनावश्यक ठरतो. परंतु आतील माहिती बदलायची असून मूळ नोंदही जपायची असेल, तर सखोल प्रतच विश्वासार्ह ठरते.