विषाणूला बोलतं करणारी औषधं

नागीण झाली की डॉक्टर असायक्लोव्हीर लिहून देतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. प्रयोगशाळेत हीच औषधं वेगळंच काम करतात. हर्पिस कुळातले विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती कशा काढतात, ते त्यांच्याकडूनच वदवून घेतात.

सुरुवात समुद्रातून झाली. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन यांना कॅरिबियन स्पंजात जगावेगळे न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या साखळीचे घटक ज्यांपासून बनतात तसले रेणू, सापडले. त्यांच्या धर्तीवरचं व्हिडारॅबिन बनवलं कर्करोगासाठी, नाव काढलं हर्पिसवर!

असायक्लोव्हीर हा ग्वानोसिन या न्यूक्लिओसाइडचा तोतया. पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणून आलेला तोतया अखेर पकडला गेला. हा मात्र बिनबोभाट आत घुसतो. गंमत म्हणजे त्याला पहिला फॉस्फेट चिकटवतो तो विषाणूचाच थायमिडिन कायनेज. उरलेले दोन आपली पेशी चिकटवते. मग विषाणूचा पॉलिमरेज त्याला डीएनएच्या साखळीत बसवतो आणि फसतो, कारण पुढचा घटक जोडायला जागाच नसते. निरोगी पेशी बहुतांशी सुखरूप. या संशोधनातल्या गरट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पीएचडी त्यांनी केलीच नव्हती.

औषधाचा जोर मोजायची रीत जुनी, पण देखणी. बशीत पेशींचा थर, त्यावर विषाणू, काही दिवसांनी जांभळा रंग. पेशी मेल्या तिथं पांढरे ठिपके उरतात. औषध वाढवत जायचं आणि ठिपके मोजायचे. निम्मे झाले की ती मात्रा वहीत!

औषध हरलं तर आणखी बरं. त्याला दाद न देणारे विषाणू निवडून त्यांची जनुकं वाचली की बिघाड बहुधा थायमिडिन कायनेजमध्ये निघतो, कधी पॉलिमरेजमध्ये. औषधाचा मारा नेमका कुठं, हे असे बंडखोरच सांगतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेटरमोव्हीरच्या बाबतीत त्यांनी बोट दाखवलं टर्मिनेजकडे, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरसचा लांबलचक डीएनए तोडून कवचात भरणाऱ्या यंत्राकडे.

फॉस्फोनोॲसिटिक ॲसिड औषधाच्या दुकानात मिळणार नाही, पण संशोधकांचं लाडकं. ते डीएनएची नक्कल रोखतं. त्यानंतरही चालू राहतात ती विषाणूची आधीची जनुकं. गप्प बसतात ती खरी उशिराची, म्हणजे नक्कल झाल्यावरच जागी होणारी.

चेतापेशीत दडी मारलेल्या विषाणूपुढे मात्र असायक्लोव्हीर हतबल. तो प्रतीच काढत नाही, मग अडवायचं काय? कांजिण्यांचा विषाणू असाच वर्षानुवर्षं दबून राहतो आणि नागीण होऊन उठतो. तेव्हा पुरळ दिसताच नागीण उतरवणाऱ्याकडे नको, डॉक्टरांकडे जा. गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झालेली उत्तम.