काचेच्या हंडीतील घंटा

माध्यमिक शाळेच्या विज्ञानात ध्वनीचा एक प्रयोग असतो. काचेच्या हंडीत विजेची घंटा टांगतात आणि पंपाने हंडीतील हवा हळूहळू काढून घेतात. घंटेचा टोल हलताना दिसत राहतो. आवाज मात्र क्षीण होत जातो आणि अखेर ऐकू येईनासा होतो. या हंडीला इंग्रजीत ‘बेल जार’ म्हणतात. अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांनी आपल्या प्रसिद्ध झालेल्या एकमेव कादंबरीला हेच नाव दिले. नैराश्याने ग्रासलेली तरुणी चारचौघांत वावरताना दिसते, पण तिचा आवाज कोणापर्यंत पोहोचत नाही, ही अवस्था इतक्या नेमकेपणाने सांगणारी पुस्तके थोडी आहेत.

‘द बेल जार’ जानेवारी १९६३ मध्ये लंडनला ‘व्हिक्टोरिया लुकास’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तिची नायिका एस्थर ग्रीनवुड ही एकोणीस वर्षांची, शिष्यवृत्तीवर शिकणारी हुशार मुलगी आहे. वडील तिच्या लहानपणीच वारलेले. आई लघुलेखन शिकवून घर चालवते. १९५३च्या उन्हाळ्यात एका मासिकाच्या स्पर्धेत निवड होऊन एस्थर महिनाभर न्यूयॉर्कला जाते. मैत्रिणींना तिचा हेवा वाटतो. तिला स्वतःला मात्र काहीच वाटत नाही. घरी परतल्यावर तिची झोप उडते. वाचायला घेतले की अक्षरे डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत. उद्या पुन्हा धुवावेच लागणार, तर आज केस कशासाठी धुवायचे, असा प्रश्न तिला पडतो. पुढे आत्महत्येचा प्रयत्न, रुग्णालय आणि सावकाश होणारी सुधारणा असा कादंबरीचा प्रवास आहे.

ही कथा सातारा-सांगलीच्या वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला तो १९१९ मध्ये. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही त्याच वर्षीचे. अशा संस्थांमुळे या दोन जिल्ह्यांत घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुलगी ही ओळखीची व्यक्ती झाली. आईवडिलांचे कष्ट, शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा यांचे मोल तिला ठाऊक असते. म्हणूनच तिला काही सुचेनासे झाले, तर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘एवढे सगळे मिळाले, मग दुःख कसले?’ एस्थरलाही हाच प्रश्न छळतो. आपण कृतघ्न आहोत, असे तिला वाटत राहते. कादंबरी दाखवते ते हे, की नैराश्य म्हणजे कृतघ्नता नव्हे आणि त्याला डोळ्यांना दिसणारे कारण असलेच पाहिजे असेही नाही.

आपल्याकडे या आजाराला नावेही वेगळीच मिळतात. ‘मन लागत नाही’, ‘अंग जड झाले आहे’, ‘जीव घाबरतो’ अशी तक्रार असते. घरातले तिला आळस म्हणतात, नाही तर बाहेरची बाधा. मग देवऋषी होतो, किंवा लग्न केले की ठीक होईल, असा सल्ला मिळतो. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘अंगात येणे’ आणि भूतबाधा यांमागे पुष्कळदा मानसिक आजार असतो, हे सातत्याने सांगितले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे वा मारहाण करणे त्याने गुन्हा ठरवले. मात्र मुलीचे मुकेपण आजार म्हणून ओळखण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते घरातल्यांनाच करावे लागते, आणि अशी कादंबरी त्याला मदत करते.

परंतु ती वाचताना एक सावधगिरी हवी. १९५३ मध्ये प्लाथ स्वतः न्यूयॉर्कच्या एका मासिकात निवडल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला आणि त्यांच्यावर रुग्णालयात उपचार झाले. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर महिन्याभरातच, ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, तिसाव्या वर्षी त्यांनी जीवन संपवले. त्यामुळे अनेक वाचक लेखिकेचा मृत्यू नायिकेच्या कपाळी लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात कादंबरी तसे म्हणत नाही. एस्थर वाचते. ही कहाणी ती नंतरच्या काळातून सांगत आहे आणि आता तिच्या घरात एक मूल आहे, असा पुसटसा उल्लेख आरंभीच येतो. हंडी पुन्हा कधी तरी खाली उतरेल, ही भीती शेवटपर्यंत राहते. तरी शेवटच्या प्रसंगात एस्थर रुग्णालयातून सुटका ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत स्वतःच्या पायांनी शिरते.

नायिकेत लेखिकेला शोधण्याची सवय मराठीलाही आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेणाऱ्या लेखिका कोण, याचाच शोध अधिक झाला. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिलेल्या गौरी देशपांडे यांच्या नायिकांमध्येही वाचक त्यांनाच पाहत आले. ओळखीच्या गावात टोपणनाव हे लेखिकेसाठी अंगणाचे कुंपण असते. प्लाथ यांनाही आपल्या लिखाणात आप्तांना स्वतःचे चेहरे दिसतील, याची धास्ती होती.

दुसरी सावधगिरी उपचारांच्या वर्णनाची. एस्थरला भूल न देता दिलेला विजेचा झटका वाचून अंगावर काटा येतो. पुढे डॉ. नोलन या स्त्री मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तोच उपचार नीट दिला जातो आणि तिला बरे वाटू लागते, हे मात्र वाचक विसरतो. तो काळ १९५३चा आहे. नैराश्यावरील इमिप्रामिन या औषधाचा गुण रोलंड कून यांनी जगापुढे मांडला तो १९५७ मध्ये. आज भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय असा झटका देण्यास मनाई आहे. कादंबरीतील भीतीने आजच्या रुग्णाने दवाखाना टाळू नये.

मराठीत या विषयाच्या जवळ जाणारी कादंबरी म्हणजे शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ (१९९०). बेजबाबदार आईवडील, धाकट्या बहिणींचा भार आणि विवाहित वरिष्ठाशी असलेले संबंध यांच्या ओझ्याखाली रीटा कोसळते आणि रुग्णालयात पडून आपल्या आयुष्याचा हिशेब मांडते. एस्थरच्या दुःखाचे कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, रीटाचे येते. दोन्ही पुस्तके जोडीने वाचली, तर नैराश्य ओझ्यातूनही येते आणि ओझे दिसत नसतानाही येते, हे लक्षात येते. २००९ मध्ये रेणुका शहाणे यांनी या कादंबरीवर ‘रीटा’ हा चित्रपट केला.

ज्या मुलीचे मन आधीच खचले आहे, तिच्या हाती ‘द बेल जार’ एकटीने वाचायला देऊन निघून जाऊ नये. ती आईने, बहिणीने, शिक्षकाने वाचावी आणि मग तिच्याशी बोलावे. पंधरवड्याहून अधिक काळ झोप, भूक, अभ्यास यांत मन नसेल, जगणे नकोसे झाल्याचे शब्द तोंडी येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे मराठीत बोलता येते. हंडीतली घंटा वाजत असते. तिच्यापर्यंत हवा पोहोचवणे, हे बाहेर उभ्या असलेल्यांचे काम आहे.