भाऊबीजेची भरती

भाऊबीजेला भरती दुपारी दीडच्या सुमाराला. गेल्या वर्षी तेव्हाच होती आणि वीस वर्षांनीही तेव्हाच असेल. कॅलेंडरात भाऊबीज कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात सरकते. समुद्राला तारखा ठाऊक नाहीत, त्याला तिथ्या कळतात. बहीण ओवाळून तबक देवापुढे ठेवते तेव्हा कर्लीची खाडी माडांच्या मुळांपर्यंत टेकलेली असते. जेवून हात धुवेपर्यंत पाणी फिरतं. मग भावोजी पडवीच्या वाशात खोचलेली काठी काढतात, माझ्याकडे न बघता म्हणतात, "येतंस मां?" आणि बहीण आतून ओरडते, "सणाच्या दिवशी तरी घरात रवा!"

बहिणीचं माहेर, म्हणजे आमचं घर, कणकवलीकडचं; तिचं सासर खाडीकाठचं. गेली कित्येक वर्षं तिच्याकडे भाऊबीजेला जातो. ओवाळणी घालून झाली की उरलेला दिवस गरीचा, म्हणजे गळाने मासे धरण्याचा.

तिथीचं गणित

मालवणी मुलखात गरवणाऱ्या माणसाच्या खिशात घड्याळ नसलं तरी चालतं, तिथी डोक्यात हवी. हिशेब सोपा आहे: पक्षाची तिथी घ्यायची, तिला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाचीही आणि रात्रीचीही हीच वेळ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्यामागून भरतीही तेवढीच सरकते. आपल्या पूर्वजांनी तोंडी हिशेबाला सोपं जावं म्हणून पाऊण तास धरला. ठोकताळाच हा. बाऱ्यावर, म्हणजे खाडीच्या मुखाशी, पाणी आधी चढतं, आत जावं तसा उशीर होतो. वारा, पावसाचं पाणी यांनीही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

वेळेइतकंच पाण्याचं बळ महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणात ओढ इतकी, की शिसं तळाला टिकत नाही, गरी वाहून कुठल्या कुठे जाते. भांगाला पाणी आळसावतं आणि मासाही आळसावतो. भाऊबीज उधाणातच येते. म्हणून शहाणी माणसं मधल्या धारेच्या नादी लागत नाहीत. खाजणातून येणारा एखादा व्हाळ खाडीला मिळतो, त्या तोंडाशी बसतात. भरतीबरोबर कांदळवनात शिरलेली कोळंबी, पिलं, किडेमकोडे सुकतीला त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतात, आणि मोठा मासा नेमका तिथे वाट अडवून उभा असतो.

गोडं पाणी, खारं पाणी

सिंधुदुर्गात नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते, हे ऋतू ठरवतो. सह्याद्रीतून उतरलेली कर्ली देवबागच्या चिंचोळ्या पट्टीला वळसा घालून समुद्राला मिळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मध्ये माडांत लपलेली घरं. गड नदी कणकवलीवरून येऊन कालावलच्या खाडीतून तळाशील-सर्जेकोटापाशी समुद्र गाठते. पावसाळ्यात या नद्यांचं लाल पाणी थेट मुखापर्यंत गोडं. दसऱ्यानंतर ते निवळतं, खारं पाणी पुन्हा वर सरकू लागतं आणि त्याच्यासोबत मासेही. दिवाळीला गरी घालण्याचा मोसम सुरू होतो तो यामुळे.

मी नदीचा माणूस. लहानपणी आम्ही कोंडीवर, म्हणजे नदीतल्या खोल डोहावर, चिवारीची काठी आणि गांडूळ घेऊन बसायचो. खाडीवर पहिल्या वर्षी तीच अक्कल चालवायला गेलो आणि दिवसभरात गरी चार वेळा खडपात अडकवून तोडली.

हाताला कळणारी भाषा

सामान तरी काय लागतं! तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, गरी आणि शिशाचा तुकडा. काठी असली तर असली. पुष्कळ जण हातानेच तंगूस फेकतात आणि त्याचा पीळ तर्जनीवर घेऊन बसतात. मासा दिसत नाही, तो बोटाला कळतो. काळुंदर टोचून टोचून आमिष कुरतडते. बोटावर कुणी नखाने टिचकी मारावी तसं वाटतं. शेंगटी सरळ ओढून नेते, लाजत नाही. तांबोसा मात्र घाव घालतो आणि त्याच झटक्यात कांदळाच्या मुळांकडे धावतो. तेवढ्यात तंगूस आखडला नाही तर मासाही गेला आणि गरीही. शेवटा पाण्याबाहेर उड्या मारून चिडवतो, पण त्याचं पोट शेवाळावर आणि चिखलातल्या बारीक खाण्यावर भरतं. गांडुळाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यासाठी कणकेची गोळी आणि पुष्कळ सहनशीलता लागते.

शेंगटीची ओळख मला वेगळ्या रीतीने झाली. दुसऱ्या वर्षी ती लागली, मी आनंदाने गरी सोडवायला मुठीत धरली, आणि कोपरापर्यंत आग उसळली. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही परांशी एकेक असे करवती काटे असतात, त्यांना विष. मी हात झटकत नाचत असताना आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आबांनी शांतपणे शेजारच्या घरातून चहाच्या भांड्यात कढत पाणी आणवलं आणि सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायला लावला. अर्ध्या तासात ठणका उतरला. या विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात म्हणून हा उपाय चालतो, हे मी नंतर वाचलं. आबांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांना त्यांच्या चुलत्याने सांगितलं होतं, चुलत्याला आणखी कुणी. त्या दिवसापासून आबा मला "शेंगटी" म्हणतात.

खंय गावलो?

गरवणाऱ्यांत दोन गोष्टी कुणी विचारत नाही: पगार आणि जागा. रस्त्याने जाणाऱ्याने पिशवीत डोकावून "खंय गावलो रे?" विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: "गावलो थंय." म्हणजे सापडला तिथे सापडला. यात उद्धटपणा नाही. जागा हीच खरी कमाई असते. कुठल्या तिथीला, पाण्याच्या कुठल्या उंचीला, कुठल्या खडपाच्या आडोशाला मासा उभा राहतो, हे कळायला अनेक पावसाळे जातात.

पहिली चार वर्षं भावोजींनी मला पुलाखाली नेलं. तिथे सगळेच बसतात. गजाली भरपूर, मासे बेताचे. पाचव्या भाऊबीजेला ते पुलाकडे वळलेच नाहीत. बांधावरून चालत, एका कुंपणाखालून वाकून, गुडघाभर चिखल तुडवून आम्ही व्हाळाच्या तोंडाशी पोचलो. तिथे आबा आधीच बसलेले होते. त्यांनी मला पाहिलं, भावोजींना पाहिलं, जरा सरकून जागा केली आणि म्हणाले, "कोणाक सांगा नको हां." मग सहापर्यंत तिघेही फारसं बोललो नाही. बहिणीच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती, पण त्या घराचा मी झालो तो त्या दुपारी.

गरवण्यातली अशी सोबत नवी नाही. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने 1653 साली मासेमारीवरचं आपलं गाजलेलं पुस्तक लिहिलं. तेही मुळात वाटेत भेटलेल्या सोबत्यांचा संवाद आहे. त्याचा मित्र चार्ल्स कॉटन त्याच्याहून 37 वर्षांनी लहान. या कॉटनने 1674 मध्ये डव्ह नदीकाठी गरवायला बसण्यासाठी छोटंसं घर बांधलं आणि दारावर दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरून घेतली. ते घर अजून उभं आहे. आबा आणि माझ्या वयातही तेवढंच अंतर असेल. आमच्या नावाची पाटी नाही. जागाच गुप्त, पाटी कुठे लावणार?

ही हौस साहेबाकडून आली असं मात्र समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके 1051 च्या, म्हणजे 1129 सालच्या सुमाराला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात जुन्या मराठीतली पदं सापडतात म्हणून आपले अभ्यासक त्याला मानतात. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' आहे: समुद्रातले आणि नदीतले मासे कोणते, कुणाला कसलं आमिष आवडतं, दोर कसा वळावा, गळ कसा टाकावा. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पोटासाठी मासे धरणारे तेव्हाही होते. राजाने लिहिलं ते करमणुकीसाठी धरणाऱ्यांवर.

वाटो

मालवणच्या किनाऱ्यावर मात्र करमणुकीलाही रापणीचा कायदा लागू आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोन्ही बाजूंनी दोर खेचून ओढायचं लांबलचक जाळं. त्यात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. आणि दोराला हात लावलेला वाटसरूही रिकाम्या हाताने जात नाही. गरीला जाळ्याची सर नाही, पण सवय तीच. मासा कुणाच्याही गरीला लागो, संध्याकाळी पानावर मासे ओतले की आबा वाटे घालतात. ज्याला काहीच लागलं नाही त्याचा वाटा आधी उचलतात. एकट्याने गरवता येतं, पण आमच्याकडे एकट्याने खाण्याची पद्धत नाही. ज्या घरातून कढत पाणी आलं होतं, त्या घरीही दर वर्षी दोन काळुंदर जातात.

वाटे घालण्याआधी निवड होते. वीतभर तांबोसा जिवंत असला तर परत पाण्यात. त्याची पिलं कांदळात वाढतात आणि मोठी झाल्यावर बाहेर समुद्रातल्या खडकांकडे जातात. इथे खुडली तर तिथे काय राहणार? रायगडात ज्याला जिताडा आणि गोव्यात चोणक म्हणतात, त्याची गंमत आणखी वेगळी. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा चोणक बहुधा मादी. हे कळल्यापासून भावोजींचा एका जंगी चोणकावरचा जीव थोडा कमी झालाय, निदान ते तसं सांगतात.

यांत्रिकी बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नदी-व्हाळांत मात्र नेमके तेव्हाच चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येतात, आणि गावंच्या गावं पोरांसह शेतात उतरतात. ही मौज मीही केली आहे. पोटात गाबोळी असलेले मासे टोपलीभर उचलताना काही वाटलं नव्हतं, आता वाटतं. त्याहून वाईट ते स्फोटकं आणि विष. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने दोन्ही गुन्हे ठरवले आहेत, तरी कोंडींत पांढऱ्या पोटाने तरंगणारी पिलं अधूनमधून दिसतात. अशा वेळी पहिली बोंब मारतो तो गरीवालाच, कारण तो तिथे रोज बसलेला असतो. हौशी माणसालाही सीमा आहेत: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य 1987 पासून जाहीर आहे, तिथे काठी घेऊन जाण्यापूर्वी नियम विचारलेले बरे.

आता किनाऱ्यावर नवी पोरं दिसतात. हातात रीळ लावलेला रॉड, रंगीत प्लॅस्टिकचे मासे, कमरेला पकड. गांडुळाला ती नाक मुरडतात. माझा भाचा त्यांतलाच. गेल्या भाऊबीजेला भावोजींनी त्याला पहिल्यांदा व्हाळाच्या तोंडाशी आणलं. आबांनी त्याच्या रॉडकडे बघून "ह्या काय, टीव्हीचो एरियल?" एवढंच म्हटलं आणि सरकून जागा केली. चारच्या सुमाराला त्या एरियललाच तांबोसा लागला, हातभर.

पोराने फोन काढला. मी धसकलो, आजकाल फोटो आधी गावभर फिरतो आणि मासा मागून घरी येतो. पण त्याने मासा धरला, मला म्हणाला, "मामा, हयसून काढ," आणि स्वतः गोल फिरून खाडीकडे पाठ केली. कांदळ नाही, खडप नाही, कुंपण नाही. फोटोत तो, तांबोसा आणि मागे नुसतं पाणी.

रात्री त्याच्या मित्राचा प्रश्न आला: खंय गावलो? मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. त्याने दोनच शब्द लिहिले होते.