जाग आली म्हणजे काम आलंच असं नाही

दोन आठवडे माझ्या आलेखातला एक बिंदू जागेवर राहत नव्हता. डेटा तोच, प्रोग्राम तोच, पण मधूनच एखाद्या रनमध्ये सरासरी किंचित वेगळी यायची. आधी मी मशीनला दोष दिला, मग डेटाला. चूक निघाली माझ्याच एका शब्दात: जिथे 'व्हाइल' हवं होतं तिथे मी 'इफ' लिहिलं होतं.

माझ्या प्रोग्रामात एक थ्रेड डिस्कवरून मोजमापांच्या फाइली वाचून रांगेत ठेवतो. दुसरे चार थ्रेड रांगेतून एकेक फाइल उचलून आकडेमोड करतात. रांग सगळ्यांची, म्हणून तिला म्युटेक्सचं कुलूप. कुलूप ज्याच्या हातात, तोच रांगेला हात लावणार.

रांग रिकामी असेल तर? कुलूप घ्या, बघा, सोडा, पुन्हा घ्या, असं करत राहता येईल, पण प्रोसेसर फुकट राबेल. त्यासाठी कंडिशन व्हेरिएबल असतं. 'वेट' म्हणजे झोप, 'सिग्नल' म्हणजे झोपलेल्यांपैकी एकाला तरी उठव.

वेटला कुलूप का द्यावं लागतं? समजा थ्रेडने रांग रिकामी पाहिली, कुलूप सोडलं आणि तो झोपणार, तेवढ्यात नवी फाइल येऊन सिग्नलही होऊन गेला. सिग्नल साठून राहत नाही. कोणी झोपलेलं नसेल तर तो वाया जातो, आणि आपला थ्रेड मग झोपूनच राहतो. म्हणून वेट हा कुलूप सोडणं आणि झोपणं एकाच दमात करतो. जाग आल्यावर मात्र कुलूप पुन्हा मिळवल्याशिवाय तो परतत नाही.

माझी चूक या 'पुन्हा मिळवण्या'त लपली होती. क्रम असा:

१. रांग रिकामी आहे. थ्रेड 'अ' झोपलाय.
२. नवी फाइल येते, सिग्नल होतो, 'अ' जागा होतो.
३. 'अ'च्या हाती कुलूप येण्याआधी 'ब' आपलं आधीचं काम संपवून येतो, कुलूप घेतो आणि ती फाइल उचलून जातो.
४. आता 'अ'ला कुलूप मिळतं. 'इफ' मागे पडलेला आहे, त्यामुळे रांग न तपासताच तो फाइल उचलायला जातो.

रांग मी साध्या ॲरेवर, गोल फिरणारी अशी लिहिली होती. 'अ'ने त्या जागेवरची शिळी फाइल पुन्हा मोजली आणि उचलण्याचा इंडेक्स एक घर पुढे गेला. त्यामुळे नंतर त्याच घरात आलेली खरी फाइल कोणी उचललीच नाही. एक जास्त, एक कमी; एकूण संख्या बरोबर! म्हणून माझ्या तपासणीत काहीच सापडत नव्हतं. प्रोग्राम कोसळला असता तर बरं झालं असतं.

हॉस्टेलच्या मेसमध्ये "गरम पोळ्या आल्या" अशी हाक आली म्हणून तुम्ही उठता. पोचेपर्यंत पातेलं रिकामं झालेलं असू शकतं. हाक खोटी नव्हती, फक्त जुनी झाली होती.

'इफ' पुरेसा असतो अशीही एक पद्धत आहे. टोनी होअर यांच्या १९७४ च्या मॉनिटरमध्ये सिग्नल करणारा थ्रेड ताबा थेट उठणाऱ्याच्या हातात देतो. मध्ये कोणी घुसू शकत नाही. पण झेरॉक्स पार्कमधल्या मेसा या भाषेत सिग्नल ही फक्त सूचना मानली गेली: 'परिस्थिती बदलली असावी, बघून घ्या.' बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० च्या लेखात तो अनुभव मांडला. आजचे पॉझिक्स थ्रेड, जावा आणि सी प्लस प्लस याच वाटेने जातात. शिवाय त्यांत सिग्नल नसतानाही थ्रेडला जाग येऊ शकते, आणि ते नियमात बसतं.

म्हणून लिहायचं ते असं:

कुलूप घे
जोपर्यंत रांग रिकामी आहे, तोपर्यंत वेट
फाइल उचल
कुलूप सोड

सी प्लस प्लसमध्ये वेटलाच अट देता येते. ही फेरी मग तोच मारतो.

मी एक शब्द बदलला आणि सगळे रन पुन्हा केले. बिंदू आता हलत नाही. तुमच्या कोडमध्येही आज एकदा प्रत्येक वेटच्या वरची ओळ वाचून बघा. तिथे 'इफ' दिसला, तर जुने निकाल पुन्हा काढावे लागतील.