पोत्यावरचे नाव आणि पोत्यातला माल



शेतकी खात्याच्या पानावर बेणे, खत, पाणी सोडून मोबाईलचा विषय कशाला, असे काहीजण म्हणतील. पण अडसाली ऊस सोळा-अठरा महिने सांभाळायचा, बिल बँकेत जमा व्हायचे आणि फोनवरच्या एका चुकीच्या बोटाने ते दोन मिनिटांत निघून जायचे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. म्हणून एका फाईलच्या पोटात दुसरी फाईल कशी लपवतात, हे आम्ही आज सांगणार आहोत. कावा एकदा समजला की माणूस सहसा फसत नाही.

फाईल म्हणजे काय?

फोटो असो, गाणे असो की सातबाऱ्याची पीडीएफ, संगणकाच्या दृष्टीने ती ओळीने मांडलेल्या आकड्यांची रास असते. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. फाईलच्या नावाचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरे, हे केवळ लेबल आहे. पोत्यावर १८:४६ छापले म्हणून आत तेच खत असेल असे नाही, तसेच हे. खरी ओळख आतल्या सुरुवातीच्या आकड्यांत असते. आपण रोज काढतो तो जेपीईजी फोटो २५५, २१६ या जोडीने सुरू होतो आणि २५५, २१७ या जोडीने संपतो. अनेक फाईली एकत्र बांधणाऱ्या झिप गाठोड्याच्या आरंभी 'पीके' ही अक्षरे असतात. हा प्रकार १९८९ साली काढणारे अमेरिकन फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे.

पुढून ऊस, मागून दूध

घरातल्या एकाच वहीत पुढून उसाचा आणि मागून दुधाचा हिशेब लिहायची आपल्याकडे रीत आहे. पुढून वाचणारा कोरे पान आले की वही मिटतो. त्याला दुधाचा पत्ताच लागत नाही. फोटोत झिप लपवतात ती अगदी अशीच. फोटो दाखवणारा प्रोग्रॅम पुढून वाचतो आणि शेवटच्या खुणेपाशी थांबतो. झिपची यादी मात्र गाठोड्याच्या शेवटी असते, त्यामुळे तिचा प्रोग्रॅम मागून शोध घेतो. फोटोच्या शेपटाला झिप जोडली की एकच फाईल एकाला फोटो दिसते, दुसऱ्याला गाठोडे. एक खूण मात्र राहते, ती वजनाची. साधा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तसाच दिसणारा फोटो चाळीस एमबी भरला, तर काटा काहीतरी सांगतो आहे असे समजावे.

दुसरी रीत याहून बारीक आहे. फोटोतील प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात. २०० चा २०१ केला तर डोळ्याला फरक कळत नाही. दहा लाख ठिपक्यांच्या फोटोत असे तीस लाख आकडे, म्हणजे त्यात एक भले मोठे पुस्तक मावेल.

अमेरिकेत २०१८ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका इंजिनिअरने टर्बाईनची गुपिते सूर्यास्ताच्या फोटोत दडवून स्वतःच्याच ईमेलवर पाठवली. तो पकडला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याला धोका कुठला?

सूर्यास्ताच्या फोटोची आपण धास्ती घेण्याचे कारण नाही. लपवलेले गाठोडे कोणीतरी बाहेर काढल्याशिवाय सहसा काही करत नाही. आपल्याकडे फसवणारे सोपा मार्ग धरतात, तो म्हणजे लेबलाचा. संगणकावर विंडोज ओळखीची शेपटे लपवून ठेवते, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाईल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते. मोबाईलवर तेच काम 'एपीके' करते. एपीके म्हणजे ॲप बसवण्याची फाईल, आणि तीही आतून झिप गाठोडेच. २०२४ साली हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या अशा फाईलींबद्दल इशारा दिला होता. पीएम किसानच्या नावानेही बनावट ॲप फिरतात. असे ॲप बसवले आणि संदेश वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराला पोचतो.

सभासदांनी एवढे करावे

१. फाईलचे अगदी शेवटचे शेपूट बघा. लग्नपत्रिका, बिल किंवा अनुदानाची यादी कधीही एपीके नसते.

२. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून भुलू नका. पाहुण्याचाच फोन चोराच्या ताब्यात असेल. आधी फोन करून विचारा.

३. 'अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू द्यायचे का' असे फोनने विचारले, तर नाही म्हणा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, तेही नाव नीट वाचून.

४. चुकून बसवले गेलेच, तर फोनचा डाटा ताबडतोब बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. लाजेपोटी रात्र घालवू नका. जेवढा उशीर, तेवढे पैसे लांब.

बेणे घेताना कांडी कापून आतला रंग बघतो, मगच आपण लागण करतो. फाईलीच्या बाबतीतही तेवढाच सावधपणा ठेवावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पान जरूर वाचून दाखवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी