टायर बटणाचा, रस्ता डांबराचा

पावसाळ्यातल्या रविवारी साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या रांगेत फोर-बाय-फोर गाड्या हमखास दिसतात. टायरांची नक्षी बोट रुतेल इतकी खोल, अक्षरं पांढरीशुभ्र आणि खाचांत मातीचा कणही नाही. त्याच पावसात पाटणहून वनकुसवडे पठारावर चढणारी पवनचक्कीवाल्यांची बोलेरो कॅम्पर मी पाहिली होती. चाकं चिखलानं लडबडलेली, नक्षी निम्मी झिजलेली, तरी गाडी बिनबोभाट वळण घेऊन धुक्यात शिरली. चांगले टायर डांबरावर आणि झिजलेले पठारावर, हा उलटा कारभार टायरवाल्यांना कसा दिसतो ते जवळून पाहावं म्हणून कराडला महामार्गालगतच्या एका टायरच्या दुकानात जाऊन बसलो.

दुकानात शिरलं की आधी वास येतो. कोऱ्या रबराचा आणि पंक्चरच्या सोल्युशनचा. घरी गेल्यावरही तो शर्टातून जात नाही.

गिऱ्हाइकाशी भाव बोलायला मालकांचा मुलगा आणि टायर उतरवायला मामा. मामांचं खरं नाव तिथं कुणी घेत नाही. मशीनवर टायर डिस्कवरून सुटतो, नवा चढतो, हवा भरली जाते, बॅलन्सिंगची वजनं ठोकली जातात, हे सगळं पाहता पाहता होऊन जातं. मामांचा वेळ जातो तो मधल्या एका कामात. उतरवलेल्या टायरच्या पोटात ते उघडा हात घालतात आणि सावकाश गोल फिरवतात. मुलानं विजेरी पुढं केली तर घेत नाहीत. "काटा डोळ्याला दिसत न्हाय, हाताला घावतो," असं म्हणून त्यांनी नखभर लांबीचा बाभळीचा काटा माझ्यापुढं ठेवला.

तो काटा ढालगावचा होता. वनकुसवड्याला पाहिली तशीच एक कॅम्पर त्या दिवशी दुकानासमोर उभी होती आणि तिचा ड्रायव्हर बाकावर चहा पीत होता. पवनचक्क्यांच्या देखभालीची माणसं आणि सामान नेणं हे त्याचं काम. पावसाळ्यात पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, एरवी कवठेमहांकाळ तालुक्यातलं ढालगाव. कोयनेच्या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, ढालगावकडे शेकड्यांत. एकीकडे शेवाळलेला जांभा आणि लाल राड, दुसरीकडे धारदार खडी, मुरूम आणि बाभळी. एकाच टायरनं दोन्हीकडे चालायचं.

ऑल-टेरेन टायर निघाला तो अशाच गरजेपोटी. बीएफगुडरिच कंपनीनं अमेरिकेत १९७६ साली त्या नावाचा रेडियल टायर आणला. आपल्याकडे दुकानदार त्याला 'एटी' म्हणतात, डांबरी रस्त्यासाठीच्या टायरला 'एचटी' आणि निव्वळ चिखलासाठीच्या टायरला 'एमटी'. गिऱ्हाइकाच्या तोंडी मात्र एटी आणि एमटी दोन्ही 'बटणाचे टायर'. बटणं जितकी मोठी आणि विरळ, तितका चिखल खाचांतून बाहेर फेकला जातो. पण ओल्या डांबरावर तीच विरळ बटणं कमी रबर टेकवतात, ब्रेक लांब लागतो, ऐंशीच्या पुढं घोंघाट सुरू होतो आणि डिझेल जास्त जातं. शेवाळलेल्या जांभ्यावर तर मोठ्या बटणांपेक्षा मऊ रबर आणि बटणांवरच्या बारीक चिरा जास्त धरून ठेवतात. ढालगावला नक्षीपेक्षा टायरची बाजू महत्त्वाची. नक्षीतलं पंक्चर पॅच लावून निघतं, बाजू खडीनं चिरली की टायर गेला.

मी हे टिपून घेत असताना सांगलीच्या विश्रामबागेतला एक तरुण थार घेऊन आला. त्याला एमटी हवे होते आणि तेही मोठ्या मापाचे. कंपनीनं २४५/७५ आर १६ दिलेले, त्याला २६५/७५ आर १६ पाहिजेत. म्हणजे रुंदी वीस मिलिमीटर जास्त आणि चाकाची उंची सुमारे तीन सेंटिमीटर जास्त. काटा शंभरवर असताना गाडी एकशेचारनं पळणार. मुलानं हिशेब सांगितला, तरुणानं मान डोलावली. शब्द मात्र त्याच्यापर्यंत पोचले नसावेत, कारण नजर भिंतीवरच्या टायरवर होती.

मामांनी टायरच्या पोटातला हात बाहेर न काढताच विचारलं, "दादा, जाणार कुठं?"

"कसबे डिग्रजला रान हाय. पावसात पाणंदीनं गाडी जात न्हाय."

"चिखलात हवा किती ठेवता?"

"कंपनीनं दिलीय तेवढीच. बत्तीस-पस्तीस."

"मग बटणं काय करतील? अठराला आणा. अठरा."

त्या दिवशी हा आकडा दुकानात मी पुन्हा पुन्हा ऐकला. हवा अठरा पीएसआयवर आणली की टायर बसतो, जमिनीवर टेकणारा पट्टा लांब होतो, वजन पसरतं आणि चाक खाली रुतायचं सोडून वर चालतं. ड्रायव्हरनं चहा खाली ठेवून दुजोरा दिला. वनकुसवड्याच्या चढाला लागण्याआधी तो व्हॉल्व्हची पिन दाबून चारही चाकं अठरावर आणतो, वेग सायकलीइतका ठेवतो आणि डांबर लागलं की बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपानं परत भरतो. अठरावर डांबरी रस्त्यानं वेगात गेलं तर टायर तापून फुटू शकतो. त्याहून बरीच खाली हवा नेली तर वळणावर टायर डिस्कवरून निसटण्याची भीती. निम्म्या झिजलेल्या नक्षीवर ती कॅम्पर का चढली याचं उत्तर मला इथं मिळालं.

कृष्णाकाठच्या काळ्या रानाला मात्र अठराही पुरत नाही. ती माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि खाचांत गच्च बसते. दोन फेऱ्यांत एमटीसुद्धा गोटा होतो. मामा त्या तरुणाला म्हणाले, "काळ्यात ट्रॅक्टरबी निसरतोय. वाफसा येऊ द्या, मग जावा." वाफशाची वाट बघणं शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं, हे मला जरा टोचलं. त्याला मात्र ते रुचलेलं दिसलं नाही.

किमतीवर बोलणं आलं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं टायरांच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून परदेशी माल तुटपुंजा आणि महाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. "सरकारबी अठरावर आलं," मामा हसले. तरुणानं ऑनलाइन पाहिलेला स्वस्त सेट दाखवला. मुलानं फोटो मोठा करून बाजूवरचे चार आकडे शोधले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. या सेटवर शेवटी २० होतं. नक्षी कोरी असली तरी रबर वयानं कडक होतं आणि ओल्यात धरत नाही. 'नवा' म्हणून विकलेला जुना माल हीच या बाजारातली मोठी फसवणूक, असं माझं मत झालं.

खरी पंचाईत कॅम्परची होती. ड्रायव्हरला चार टायर हवे होते, ऑफिसनं मंजूर केलेले दोन. साध्या गाडीला ते चालून जातं. फोर-बाय-फोर लावल्यावर मात्र पुढचा आणि मागचा एक्सल एकाच वेगाला बांधले जातात. मागं कोरे आणि पुढं झिजलेले टायर असले की चाकांच्या घेरात फरक पडतो आणि तो ताण गिअरच्या पेटीवर येतो. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. म्हणून जाणकार स्टेपनी धरून पाच टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घेतात. ड्रायव्हरनं फोन केला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला आणि परत येऊन म्हणाला, "दोनच."

मामांनी काही सुनावलं नाही. जुन्या चारांतले सारखे झिजलेले दोन निवडून पुढं लावले, कोरे मागं चढवले आणि बजावलं, "फोर-बाय-फोर राडीतच टाक. डांबरावर काढ." मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो रस्त्यावर आणणं बेकायदा. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे वरच्या रबराशी समपातळीत आले की वेळ झाली, हे मंजुरी देणाऱ्यांना बसल्या जागी दिसत नाही. पठारावर रात्री अडकतो तो ड्रायव्हर.

थारवाल्यानं शेवटी एमटीच घेतले. एवढं ऐकलं की मोठं माप सोडून कंपनीच्याच मापाचे घेतले. मामांनी त्याचेही काढलेले टायर हातानं तपासले. ते जेमतेम वापरलेले होते आणि पोटात एकही काटा नव्हता.

टायर घ्यायला निघालेल्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. गाडी महिन्यातून किती वेळा डांबर सोडते ते आधी कागदावर मांडा. फक्त महाबळेश्वर, कास आणि महामार्ग असेल तर चांगले एचटी घ्या आणि उरलेल्या पैशांत हवा मोजायचं मीटर आणि छोटा पंप घ्या. कच्चा रस्ता आणि घाट नेहमीचाच असेल तर एटी, कंपनीच्या मापाचे, पाचही एकसारखे, तारीख पाहून. एमटी रोज राडीत पोट भरणाऱ्यांसाठी सोडा. आणि टायर कुठलेही असोत, कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे. तिथं खडकावर मातीचा थर वीतभरही नाही, फुलं त्यातच येतात. त्या मातीवर चाक घालू नका.