आगोट भरली की बिल उतरतं

तळेऱ्यात मुंबई-गोवा महामार्गाला दोन रस्ते येऊन मिळतात. एक विजयदुर्गाच्या बाजूने येतो, दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याकडे चढून कोल्हापूरला जातो. एका रस्त्याने मासळी येते, दुसऱ्याने कांदा, मिरची, गूळ आणि कडधान्य. पाऊस तोंडावर आला की या सगळ्याची खरेदी एकदमच निघते. सुके बांगडे, सुकट, बोंबील, कांद्याची पोती, मसाल्याची मिरची, सोलां, खडे मीठ. घाटात दरड आली, ओहोळाला पूर आला, आठ-आठ दिवस पाऊस उघडला नाही, तरी चूल पेटती राहावी म्हणून कोकणातल्या घरांनी आगोटीची ही रीत बांधली.

आता दुकान दाराशी आलं आहे, मालाची गाडीही रोज येते. त्यामुळे आगोट मागे पडली आणि तिची जागा लागेल तसं आणण्याने घेतली. महागाईची तक्रार प्रत्येक घरात आहे आणि ती खरी आहे. पण किराण्याचं बिल उतरवायचं असेल, तर सूट कुठे मिळते यापेक्षा माल कधी येतो हे ओळखण्यात जास्त पैसा वाचतो. ते शहाणपण आपल्याकडे आहे, फक्त आजच्या घराच्या मापाने वापरायचं आहे.

पैसा जातो कुठे?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांचे १०० रुपयांतले सुमारे ४६ रुपये खाण्यापिण्यावर जात होते. त्यात धान्याचा वाटा ५ रुपयांच्या आसपास. पेयं आणि तयार खाद्यपदार्थ मात्र ९ रुपयांहून जास्त घेऊन गेले. म्हणजे तांदळाच्या किलोमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करायची आणि फरसाण, बिस्किटं, थंड पेयांच्या बाटल्या न मोजता पिशवीत टाकायच्या, असा उलटा कारभार आपण करतो. कुळथाची पिठी, घावन, भाजलेल्या आठळा, पोहे ही आपली तयार खाणीच आहेत. मुलांचा दुपारचा डबा त्यांवर चालला, तरी महिन्याच्या बिलात फरक दिसतो.

म्हणून पहिली पायरी यादीची. आमच्या भागातल्या आज्या सांगायच्या, “पयला घरात काय आसा ता बघ, मगे बाजारात जा.” डबे उघडून, उरलेलं पाहून केलेल्या यादीत बऱ्याच वस्तू आपोआप गळतात.

वेळ साधली की दर साधतो

प्रत्येक मालाला त्याचा उतरता काळ असतो. मसाल्याची मिरची जानेवारीपासून बाजारात येते आणि उन्हाळ्यात ती वाळवून-भाजून मसाला कुटता येतो. नवी तूरडाळ हिवाळ्याच्या अखेरीस येते. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर घेतलेला आपला कुळीथ शिमग्याच्या आगेमागे घरात येतो. उन्हाळी कांद्याची मोठी आवक मार्च ते मे, नवा खरीप कांदा येतो दिवाळीच्या सुमारास. मधल्या महिन्यांत दर बहुधा चढतो. मासळीचं तर कॅलेंडरच ठरलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांचं कालवण एप्रिल-मेमध्ये घेतलेल्या सुक्या मासळीवरच स्वस्तात निघतं.

तांदळाचा हिशेब तर कागदावर मांडून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. १ क्विंटल भात भरडल्यावर सुमारे ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे तांदूळ किलोला साधारण ३५ रुपयांना पडला, त्यावर गिरणीची भरडणावळ आणि वाहतूक. दिवाळीनंतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून या भावाने भात घेतलं, तर त्याला हमीभाव मिळतो आणि आपल्याला वर्षाचा भात माहितीच्या शेतातला मिळतो. शिवाय तूस अंगावर असलेलं भात तांदळापेक्षा चांगलं टिकतं. दोन-दोन महिन्यांपुरतं भरडून आणावं. कणी पेजेला होते, कोंडा गुरांना.

ज्यांचं नाव शिधापत्रिकेच्या प्राधान्य गटात आहे, त्यांना माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळतं. ते हक्काचं आहे. कंटाळा करून सोडू नये.

साठवण जमली तरच बचत

घाऊक घेतलेला माल कुजला, तर सगळी बचत उकिरड्यावर जाते. सिंधुदुर्गातल्या पावसात हवाच ओली असते, म्हणून काय साठवायचं नाही हेही ठरवायला हवं. पिठं, रवा आणि शेंगदाणे महिन्यापुरतेच घ्यावेत. रवा भाजून ठेवावा. गूळ पावसात पाझरतो. कांदा प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजतो. पात वाळलेल्या, मानेला घट्ट अशा कांद्याच्या माळा करून वाऱ्यावर टांगाव्यात. कडधान्याला मे महिन्याची दोन कडक उन्हं द्यावीत, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावं. तुरीला एरंडेलाचा हात लावावा, कुळीथ-चवळी चाळलेल्या कोरड्या राखेत ठेवावी. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे. सुकी मासळी हाताला चिकट लागत असेल तर घेऊच नये. घेतलेलीही पुन्हा वाळवून झाकणबंद डब्यात ठेवावी.

चतुर्थीला चाकरमानी येतात आणि घरातली पानं दुप्पट होतात. त्या दिवसांसाठीचे काळे वाटाणे, तांदूळ आणि नारळ आषाढातच मोजून बाजूला काढले, तर ऐन गर्दीत चढ्या दराने घ्यावं लागत नाही.

पाकिटाची मागची बाजू

बंद पाकिटावर आता एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापावा लागतो. अक्षर बारीक असतं, पण तोच खरा भाव. समजा, मसाल्याची १० रुपयांची पुडी १६ ग्रॅमची आहे. तिचा दर झाला किलोला ६२५ रुपये. शेजारचं २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना असेल, तर दर ४५०. पुडी स्वस्त वाटते, कारण एका वेळी दहाच रुपये जातात.

तेलात फसगत वेगळी. पाकीट लिटरचं, डबा किलोचा. १ लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. पाकीट १४५ रुपये लिटर असेल, तर किलोला ते १५९ ला पडलं. १५२ रुपये किलोचा डबा स्वस्त झाला. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असतं, हे ध्यानात ठेवलं की तुलना सोपी होते. छापील किंमत ही कमाल किंमत आहे. त्याहून कमी घ्यायला दुकानदाराला कोणी अडवत नाही, तेव्हा विचारायला लाजू नये. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटातल्या धान्य-कडधान्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. ओळखीच्या दुकानातल्या चांगल्या सुट्या मालावर तो नाही.

दहा घरं, एक यादी

एकट्या घराला डबा किंवा पोतं परवडत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर मराठी माणसांनीच उत्तर काढलं आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या उभारणीत गायक-संगीतकार सुधीर फडके यांचाही हात होता. शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, घाऊक माल एका घरी उतरतो आणि सभासद तो आपापसात वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही. हजारो कुटुंबांचा किराणा या पद्धतीने वर्षानुवर्षं चालत आला, आणि त्याचा भार मुख्यतः बायकांनी वाहिला.

आपल्या वाडीवाडीत बायकांचे बचत गट आहेत. पैसे गोळा करणं, वही ठेवणं, एकमेकींवर भरवसा टाकणं हे त्या रोज करतात. त्याच बैठकीत एक यादी जास्त करायची: दहा घरांचं तेल, तूरडाळ, कांदा, मिरची. सुरुवात चारच वस्तूंची करावी. टेम्पोचं भाडं दहा जणींत वाटलं जातं, आणि दहा घरांचा माल घेणारीला व्यापारीही नीट भाव सांगतो.

काटकसर म्हणजे पोराच्या ताटातलं कमी करणं नव्हे. ताट भरलेलंच राहावं, म्हणून वेळेवर, मोजून आणि मिळून खरेदी करायची. येत्या बैठकीत चार वस्तूंचे आजचे दर वहीत लिहून ठेवा आणि मे महिन्याची यादी आत्ताच ठरवा. पुढच्या चतुर्थीला ती वही तुम्हालाच हिशेब देईल.